दगडापेक्षा वीट मऊ?

(मंडळाच्या व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना गाळलेले काही तपशील छापताना घातले आहेत.)



विषय राजकारणाचा आहे म्हटल्यावर कार्यकारिणीने मला आधीच प्रेमळ दम दिलाय, की मंडळ ही ना-नफा संस्था आहे, इथे कुणाचा प्रचार चालणार नाही. काळजी नसावी. कुणाला मत द्या हे मी सांगणार नाही. शिवाय मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, पोटापाण्याला कन्सल्टिंग, आणि दर सोमवारी विमानतळावर बसून जेवढी पुस्तकं वाचून होतात तेवढाच माझा अभ्यास. पण आजचा प्रश्न असा आहे की तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जेवणानंतर निघालेला आहे.

आठवा २०१७ ते २०२० चे पॉटलक. एकजण म्हणायचा, "या ट्रम्पला आता घालवायलाच पाहिजे." की लगेच दुसरा, "अरे, पण तो गेला की पेन्स येणार! ट्रम्प उद्या काय करेल ते त्याचं त्यालाच माहीत नसतं, म्हणून त्याच्या हातून काही तडीला जात नाही. पेन्स शांत डोक्याचा माणूस. तो मनात आहे ते सगळं करून दाखवेल, आणि वर जास्त वर्षं बसेल." पेन्सची मतं कोणती हे लपलेलं नव्हतंच. आपण आधी ख्रिश्चन, मग कॉन्झर्व्हेटिव्ह, मग रिपब्लिकन, असं तो स्वतःच सांगायचा. इंडियानाचा गव्हर्नर असताना २०१५ मध्ये त्याने धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्यावर सही केली, आणि उद्योगधंद्यांनी ओरड केल्यावर आठवड्याभरात त्यात दुरुस्ती करावी लागली, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

'जास्त वर्षं' या शब्दामागे चक्क गणित होतं. १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे दुसऱ्याची उरलेली मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त भोगली तर पुढे एकदाच निवडून येता येतं. दोन किंवा त्याहून कमी असेल तर दोनदा. म्हणजे २० जानेवारी २०१९ नंतर ट्रम्प गेला असता तर पेन्सला जवळजवळ दहा वर्षं मिळू शकली असती. लोक तारीख धरून सांगायचे, "आत्ता नको, याला पुरी करू दे मुदत."

थोडक्यात, लहरी माणसाची थोडी वर्षं सोसावीत, की स्थिर डोक्याच्या पण विचाराने कट्टर माणसाची जास्त? दगडापेक्षा वीट मऊ हे खरं, पण यातला दगड कुठला?

हा वाद आपण दिवाणखान्यात घातला. या देशाच्या सिनेटमध्ये त्यावर एकदा प्रत्यक्ष मतदान झालंय. तारीख १६ मे १८६८, आणि निकाल एका मताने लागला. आज मला मुख्यतः त्या मतदानाबद्दल सांगायचंय.

तेव्हाचा अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन. जन्म १८०८, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलीचा. घरची गरिबी एवढी की शाळेचं तोंड पाहिलं नाही, लहानपणीच शिंप्याच्या हाताखाली ठेवलेला. पुढे टेनेसीत स्वतःचं शिवणकामाचं दुकान, आणि तिथून राजकारणात. दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली तेव्हा त्या राज्यांच्या सिनेटरांपैकी हा एकटा आपल्या जागेवर बसून राहिला. धाडसाचंच काम होतं ते. त्यामुळे १८६४ मध्ये लिंकनबरोबर उपाध्यक्षपदासाठी याला, म्हणजे दक्षिणेतल्या एका डेमोक्रॅटला, उभं केलं गेलं.

४ मार्च १८६५ ला उपाध्यक्षपदाची शपथ. बरं नव्हतं म्हणून तरतरी यायला व्हिस्की घेतली, ती अंमळ जास्त झाली, आणि भरल्या सभागृहात साहेबांनी बरळत भाषण ठोकलं. लिंकन समोर बसलेला. बरोबर सहा आठवड्यांनी लिंकनचा खून झाला आणि हा माणूस अध्यक्ष झाला.

सुरुवातीला गर्जना अशी की देशद्रोह्यांना शिक्षा झालीच पाहिजे. चार महिने जातात न जातात तोच त्याच देशद्रोह्यांना हजारोंनी माफीपत्रं. फेब्रुवारी १८६६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला जमलेल्या गर्दीसमोर त्याने थॅडियस स्टीव्हन्स, चार्ल्स सम्नर या संसदेतल्या विरोधकांना नावं घेऊन देशाचे शत्रू ठरवलं. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात रेल्वेने प्रचारदौरा काढला, सोबत सेनापती ग्रँटला शोभेला घेऊन. क्लीव्हलँड आणि सेंट लुईसमध्ये गर्दीतून कुणी टोमणा मारला की अध्यक्ष व्यासपीठावरून त्याच्याशी भांडायचे. या भाषणांचा शेवट असा, की पुढे महाभियोगाचे जे अकरा आरोप ठेवले गेले त्यातला दहावा आरोप चक्क भाषणांचा होता. अध्यक्षाने पदाला न शोभेल असं मोठमोठ्याने बोलावं, याबद्दल! (आज हे कलम लावलं तर किती खुर्च्या रिकाम्या होतील ते तुम्हीच मोजा.)

महाभियोगाचं मुख्य कारण वेगळं होतं. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटला न विचारता काढता येणार नाही, असा कायदा संसदेने मार्च १८६७ मध्ये केला. हेतू एकच, युद्धमंत्री स्टँटनला वाचवायचा. कारण दक्षिणेतलं सैन्य त्याच्या खात्याखाली, आणि नुकतेच मुक्त झालेले काळे लोक जिवंत राहायचे ते त्या सैन्याच्या भरवशावर. जॉन्सनने २१ फेब्रुवारी १८६८ ला स्टँटनला काढलं. स्टँटनने कचेरीला आतून कडी लावली आणि तो तिथेच मुक्काम ठोकून बसला, मे महिन्यापर्यंत! तीन दिवसांत प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला, आणि खटला सिनेटपुढे आला.

आता गंमत बघा. लिंकनच्या खुनानंतर उपाध्यक्षपद रिकामंच होतं. ते भरायची सोय घटनेत नव्हती. ती झाली पंचविसाव्या घटनादुरुस्तीने, १९६७ साली. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे जॉन्सन गेला तर अध्यक्ष होणार सिनेटचा हंगामी सभापती, आणि तो होता ओहायोचा बेंजामिन वेड.

या वेडची (आडनावच तसं आहे, माझा इलाज नाही) ख्याती बरोबर उलट. पिऊन बरळणारा नाही, शब्द फिरवणारा नाही. बोलणं आडदांड असेल, पण वीस वर्षांपूर्वी जे म्हणाला तेच आजही म्हणणार. गुलामगिरीचा पहिल्यापासून कट्टर विरोधक. लिंकनही त्याला मवाळ वाटायचा. काळ्यांना मताचा हक्क हवा, बायकांनाही हवा, आयातीवर जबर कर हवा, कागदी चलन सैल हवं. १८६७ मध्ये कॅन्ससमधल्या भाषणात तो म्हणाला की गुलामगिरी संपली, आता श्रम आणि भांडवल यांच्या वाटणीचा प्रश्न आहे. ही बातमी लंडनपर्यंत गेली आणि कार्ल मार्क्सने त्याच वर्षी 'दास कॅपिटल'च्या प्रस्तावनेत वेडचा दाखला दिला. बोस्टन-न्यूयॉर्कच्या सावकारांना घाम फुटायला एवढं पुरेसं होतं.

सिनेटमधले मवाळ रिपब्लिकन हिशेब करू लागले. जॉन्सनची मुदत ४ मार्च १८६९ ला संपणार, म्हणजे उरले साडेनऊ महिने. संसदेत आपलं दोन-तृतीयांश बहुमत. त्याने कायदा नाकारला तरी आपण तो उलटवतो. नोव्हेंबरात ग्रँट निवडून येणार हे दिसतच आहे. मग या नखं काढलेल्या वाघाला हाकलून वेडसारखा माणूस कशाला आणा? तो एकदा खुर्चीत बसला की नेमणुका वाटणार, ग्रँटचा उपाध्यक्ष होणार, आणि पक्षाला चार-आठ वर्षं आपल्या मार्गाने ओढणार. पुढे स्वतः अध्यक्ष झालेला गारफील्ड तेव्हा प्रतिनिधिगृहात होता. त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय की सिनेटर कचरत आहेत ते वेडच्या जहाल मतांमुळे. एका वर्तमानपत्राने तर सरळ लिहिलं, की जॉन्सन निर्दोष आहे, कारण त्याच्या मागून येणारा वेड आहे हा वेडचा दोष!

जॉन्सननेही या काळात जन्मात दाखवला नाही तेवढा शहाणपणा दाखवला. तोंड बंद ठेवलं, सगळ्यांना चालेल अशा सेनापती शोफिल्डचं नाव युद्धमंत्रिपदासाठी पाठवलं, आणि आयोवाच्या ग्राइम्ससारख्या मवाळांना निरोप पोचवला की यापुढे मी दंगा करणार नाही.

१६ मेला मतदान. प्रेक्षकांच्या सज्जासाठी तिकिटं छापली होती. ग्राइम्सला नुकताच पक्षाघाताचा झटका आलेला, त्याला उचलून आणलं. ५४ सिनेटर, दोषी ठरवायला ३६ मतं हवीत. पडली ३५. विरुद्ध १९, त्यात सात रिपब्लिकन. त्यातला मेनचा फेसेंडन हा वेडचा जुना प्रतिस्पर्धी, पूर्वी अर्थमंत्री राहिलेला. आणि कॅन्ससचा एडमंड रॉस, ज्याला पुढे जॉन केनेडीने 'प्रोफाइल्स इन करेज'मध्ये धैर्याचा पुतळा करून बसवला. या धैर्यवान गृहस्थाने मतदानानंतर जॉन्सनकडून आपल्या माणसांच्या नेमणुका करून घेतल्या, हेही इतिहासात आहे. पुस्तकात तेवढं ठळक नाही.

सातही जण विकले गेले होते असं मला म्हणायचं नाही. तो कायदा मुळात लंगडा होता. १८८७ मध्ये संसदेनेच तो रद्द केला, आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असं बंधन अध्यक्षावर घालताच येत नाही. कायद्याच्या बाजूने मत देणारा 'निर्दोष' म्हणू शकत होताच. मला खटकतो तो दुसरा हिशेब, थोडे महिने आणि जास्त वर्षं यांचा.

त्यातली पहिली गफलत आकड्यांतच आहे. वेड अध्यक्ष झाला असता तर त्यालाही ४ मार्च १८६९ पर्यंतचेच साडेनऊ महिने मिळाले असते! एका दिवसाने जास्त नाहीत. ऑक्टोबर १८६७ मध्ये ओहायोच्या मतदारांनी काळ्यांच्या मताधिकाराचा प्रस्ताव फेटाळला होता आणि विधिमंडळ डेमोक्रॅटांच्या हाती दिलं होतं; त्यांनी वेडच्या जागी दुसरा सिनेटर निवडूनही टाकला होता. महाभियोगाच्या मतदानानंतर आठवडा उलटायच्या आत शिकागोच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठीही वेड पडला. म्हणजे ज्याच्या दीर्घ राजवटीला सगळे घाबरले होते त्याला मतदारांनी आणि पक्षाने आधीच लगाम घातला होता. विचाराचा माणूस काय करणार हे सगळ्यांना आधी कळतं, त्यामुळे त्याला अडवायची तयारीही आधी होते.

दुसरी गफलत जास्त मोठी. जॉन्सनला 'लहरी' म्हणून मोजला, आणि लहरी म्हणजे दिशाहीन असं धरून चालले. तसं नव्हतं. स्वभाव लहरी, तोंडावर ताबा नाही, आज एक उद्या एक. पण एका बाबतीत त्याने कधी दिशा बदलली नाही. मुक्त झालेल्या गुलामांना ज्या जमिनी कसायला मिळाल्या होत्या त्या १८६५ मध्येच जुन्या मालकांना परत द्यायला लावल्या. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा नाकारला. पुनर्रचनेचे कायदे एकामागून एक नाकारले. त्याचे पंधरा नकार संसदेने उलटवले. इतके दुसऱ्या कुठल्याच अध्यक्षाचे उलटवलेले नाहीत. आपण आरडाओरडा ऐकत बसतो आणि खाली चाललेलं काम दिसत नाही.

नखं काढलेला वाघ म्हणाल, तर सैन्याचे अधिकारी नेमण्याचं नख शिल्लक होतं. लुइझियाना-टेक्सासमध्ये कायदा कडकपणे राबवणाऱ्या शेरिडनला त्याने १८६७ मध्येच हलवलं होतं. सप्टेंबर १८६८ मध्ये, म्हणजे त्या उरलेल्या साडेनऊ महिन्यांत, लुइझियानातल्या ऑपेलूससला काळ्या मतदारांची कत्तल झाली. शंभराहून जास्त माणसं गेली. नाताळच्या दिवशी जॉन्सनने उरल्यासुरल्या सगळ्या बंडखोरांना सरसकट माफी जाहीर केली. वेड असता तर ऑपेलूसस टळलं असतं असं छातीठोकपणे म्हणणार नाही. पण 'साडेनऊ महिन्यांत काय होतंय' असं म्हणणारे सिनेटर मेन, आयोवा, इलिनॉयचे होते. त्या महिन्यांची किंमत मोजणारा त्या सभागृहात एकही नव्हता. सिनेटमध्ये पहिला काळा सभासद आला तो १८७० साली.

आता थोडं आपल्या गावाकडे जाऊ, कारण आपल्याकडे शंभर वर्षं आधी याच्या बरोबर उलट निवड झाली होती. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला आणि राघोबादादा पेशवा झाला. अटकेची मोहीम मारणारा शूर माणूस, पण कधी कुणाचं ऐकेल आणि कधी रुसून बसेल याचा नेम नाही. थोरल्या माधवरावाने त्याला धोडपला हरवून वाड्यात नजरकैदेत ठेवला होता तो उगाच नाही. पुण्याचे कारभारी म्हणू शकले असते, चालवून घेऊ, काही वर्षांचा प्रश्न आहे. ते तसं म्हणाले नाहीत. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके वगैरे बारभाई एकत्र आले, गरोदर गंगाबाईला पुरंदरावर नेलं, एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मला, आणि पाळण्यातल्या पेशव्याच्या नावाने कारभार सुरू झाला. नाना कुठल्या विचारसरणीचा नव्हता, पक्का कारभारी होता. पण स्थिर डोकं आणि लांब पल्ला याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

किंमत पडली नाही असं नाही. राघोबा सरळ इंग्रजांकडे गेला, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, आणि सालबाईच्या तहापर्यंत, १७८२ पर्यंत, युद्ध चाललं. पण त्या लढाईत वडगावला १७७९ मध्ये इंग्रजांना शरण आणलं ते याच कारभाराने. मग पुढे काय झालं? सगळे दोर एका हातात ठेवायची नानाची सवय. सवाई माधवराव १७९५ मध्ये गेला, तेव्हा वारस म्हणून उरला कोण, तर राघोबाचाच मुलगा, दुसरा बाजीराव. नाना १८०० मध्ये वारला आणि तीन वर्षांच्या आत वसईचा तह झाला. ज्या राघोबाची कारकीर्द काही महिन्यांत संपवली, ती त्याच्या मुलाच्या रूपाने बावीस वर्षांनी परत दारात उभी राहिली.

म्हणून 'अल्पकाळ' हा शब्द ऐकला की मी जरा सावध होतो. लहरीपणाबद्दल आपल्या भाषेने ज्याचं नाव अजरामर केलं, ज्याने दिल्लीची माणसं आपल्या दौलताबादेला आणली, तो मुहंमद तुघलक सव्वीस वर्षं गादीवर होता! जॉन्सनसुद्धा १८७५ मध्ये सिनेटर होऊन त्याच सभागृहात परत आला. आणि ट्रम्पबद्दल जे लोक '२० जानेवारीपर्यंत थांबा' असं सांगत होते, त्यांनी त्याला २०२१ च्या २० जानेवारीला जाताना पाहिलं आणि २०२५ च्या २० जानेवारीला परत शपथ घेताना पाहिलं.

मध्यंतरी एक गोष्ट घडली जी आमच्या पॉटलकच्या गणितात कुणीच धरली नव्हती. ६ जानेवारी २०२१ ला मतमोजणीच्या वेळी पेन्स खुर्चीत होता. काही राज्यांची मतं बाजूला सारावीत असा त्याच्यावर स्वतःच्या अध्यक्षाचा दबाव होता, आणि इमारतीत जमाव घुसला होता. मला हा अधिकार नाही, असं म्हणून त्याने रात्री उशिरा मोजणी पुरी केली. त्याच्या बऱ्याच मतांशी माझं जमत नाही, पण माणूस तोलताना त्याचे विचार काय आहेत एवढंच आम्ही पाहिलं होतं. नियम स्वतःच्या विरुद्ध जातो तेव्हा तो पाळेल का, हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हताच. आता हेही सांगतो, की सहाच दिवसांनी पंचविसाव्या दुरुस्तीखाली ट्रम्पला दूर करायला त्याने लेखी नकार दिला. आता थोडेच दिवस उरलेत, हाच सूर!

आता आपल्या कातडीची गोष्ट. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. एच-वन-बीच्या अर्जावर एक लाख डॉलर, असा हुकूम निघाला, रविवारच्या पहिल्या मिनिटापासून लागू. दरवर्षी की एकदाच? आधीपासून इथे असलेल्यांना की नव्यांना? मंत्री एक सांगतो, कागद दुसरं. मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या माणसांना रातोरात निरोप धाडले, देशाबाहेर असाल तर परत या. विमानात बसलेले लोक विमान सुटायच्या आत उतरले. नवरात्र सोमवारी बसणार होतं, कितीजणांची तिकिटं होती ते आपल्याला माहीत आहे. शनिवारी खुलासा आला की फक्त नव्या अर्जांना, आणि एकदाच. तो आख्खा दिवस घरोघरी फोन चालू होते. लहरी कारभार म्हणजे काय, ते पुस्तकात वाचायची मग गरज राहिली नाही.

पण याच्या शेजारी १९२४ ठेवा. अल्बर्ट जॉन्सन नावाचा वॉशिंग्टन राज्याचा काँग्रेसमन. हा जॉन्सन मुळीच लहरी नव्हता. १९१९ पासून बारा वर्षं तो स्थलांतर समितीचा अध्यक्ष होता. मनात एकच विचार, की अमेरिकेचं रक्त शुद्ध राहिलं पाहिजे. आकडेवारी, तज्ज्ञ, साक्षी, सगळं रीतसर. कूलिजसारख्या शांत, मितभाषी अध्यक्षाने मे १९२४ मध्ये कायद्यावर सही केली. विमानतळावर कुणी रडलं नाही, कारण कुणी येऊच शकत नव्हतं. भारतीयांना १९१७ पासूनच दार बंद होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंदच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत असं ठरवलं, आणि आधी नागरिक झालेल्यांचंही नागरिकत्व काढून घेतलं जाऊ लागलं. सान फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई यांनी त्यापायी १९२८ मध्ये जीव दिला. १९४६ मध्ये भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा मिळाला. राष्ट्रांच्या कोट्याची ती पद्धत मोडली १९६५ मध्ये, आणि कायद्यावर सही करणारा अध्यक्ष पुन्हा एक जॉन्सनच, लिंडन. मधली वर्षं एकेचाळीस.

एका बाजूला एक शनिवार, दुसऱ्या बाजूला एकेचाळीस वर्षं. हे पाहिलं की पॉटलकमधला तो दुसरा गृहस्थ बरोबरच होता असं वाटायला लागतं.

मला तरीही तसं वाटत नाही, आणि का ते आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. प्रोग्रॅममध्ये दोन प्रकारचे घोटाळे असतात. एक, मुळात आराखडाच चुकीचा. तो रोज, सगळ्यांना, तसाच त्रास देतो. पण तो कागदावर असतो, त्यावर बोट ठेवून भांडता येतं, आणि बदलून घेता येतो. फार वेळ लागतो, चिकाटी लागते. दुसरा, अधूनमधून उगवणारा बग. दाखवायला जावं तर गायब, आणि रात्री दोनला हजर. पहिल्याचं नुकसान मोठं असू शकतं. दुसऱ्यात मात्र हळूहळू असं होतं की सिस्टिमच्या कुठल्याच उत्तरावर विश्वास राहत नाही. १९२४ च्या कायद्याविरुद्ध लोक बावीस वर्षं, एकेचाळीस वर्षं लढले, कारण काय बदलायचंय ते समोर छापलेलं होतं. शनिवारी सकाळी कुठल्या वाक्याशी लढणार?

१८६८ नंतर संसदेने हा पेच एकदाच नीट सोडवला, असं माझं मत आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये उपाध्यक्ष अॅग्न्यू लाचखोरीच्या प्रकरणात राजीनामा देऊन गेला. निक्सनचं वॉटरगेट तापलेलं. आता पंचविसावी दुरुस्ती हाताशी होती, तेव्हा रिकामी जागा आधी भरली. जेराल्ड फोर्ड. विचाराने ठाम रिपब्लिकन, पण दोन्ही पक्षांना चालणारा. सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ३, प्रतिनिधिगृहात ३८७ विरुद्ध ३५. मागून कोण येणार याची भीती संपली, मग पुढचा निर्णय निक्सनच्या गुणदोषांवर घेता आला. आठ महिन्यांत निक्सन गेला. वेडची भीती घालवायला १८६८ मध्ये अशी काही सोय असती, तर ते छत्तिसावं मत मिळालं असतं असं मला वाटतं.

(भाषणानंतर झालेल्या प्रश्नांपैकी एक संपादकांच्या सांगण्यावरून इथे देतो. एका काकूंनी विचारलं, "तू तिथे असतास तर काय मत दिलं असतंस?" मी म्हटलं, दोषी. त्यावर काकू म्हणाल्या, "आणि त्या वेडने स्वतः काय मत दिलं?"

त्यानेही 'दोषी' असंच दिलं. जॉन्सन गेला तर खुर्ची आपल्याला मिळणार हे माहीत असताना. नियमाने त्याला मनाई नव्हती, ओहायोला दोन मतं होती आणि त्यातलं एक त्याचं होतं. पण मी मघाशी पेन्सला ज्या रकान्यात गुण दिले त्याच रकान्यात वेडचे कापावे लागतात, हे काकूंनी बरोबर पकडलं. तो गप्प बसला असता तरी जॉन्सन सुटलाच असता. फेसेंडन किंवा ग्राइम्सला मात्र त्याची भीती जराशी कमी वाटली असती.)